वेदर डॉट गव्ह आणि सिएरातला बर्फ : अंदाज फुकट, वाचायची मेहनत तुमची

डिसेंबर लागला की बे एरियातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘शनिवारी टाहोला बर्फ आहे का?’ हा प्रश्न फिरायला लागतो आणि उत्तरादाखल कुणीतरी फोनमधल्या हवामानाच्या ॲपचा स्क्रीनशॉट चिकटवतं. (टाहो म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरातलं तळं.) ढगाचं चित्र, त्याखाली ८०%, शेजारी ३४ अंश फॅरनहाइट. एवढ्यावरून चाकांना बांधायच्या साखळ्या घ्यायच्या का, शुक्रवारी रात्री निघायचं की शनिवारी पहाटे, यातलं काहीच ठरत नाही. अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिसची वेदर डॉट गव्ह ही साइट हे सगळं सांगते, तेही एक पैसा न घेता आणि जाहिराती न दाखवता. दिसायला ती जुनाट आहे आणि काम करायलाही थोडी हट्टी. तरी देशाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांसाठी फुकटात याहून चांगलं काही मिळत नाही. फक्त पहिल्या पानावरची चित्रं पाहून परत फिरलात, तर फोनच्या ॲपपेक्षा फार काही हाती लागणार नाही.

सुरुवात उंचीपासून करायची. वरच्या चौकटीत गावाचं नाव टाकलं की साइट गावाच्या मध्यावर नेऊन सोडते. साउथ लेक टाहो म्हणजे तळ्याचा काठ, साधारण ६,२०० फूट. तुमचा रस्ता मात्र जातो आय-८० या हायवेवरच्या ७,२३९ फुटांच्या डॉनर खिंडीतून, किंवा हायवे ५० धरलात तर ७,३८२ फुटांच्या एको समिटवरून. हिवाळ्यात कित्येकदा या हजार फुटांतच पावसाचा बर्फ होतो. म्हणून गावाचं नाव टाकून थांबू नका, पानावरच्या छोट्या नकाशात थेट खिंडीवर टिचकी मारा. ‘पॉइंट फोरकास्ट’ या ओळीत अक्षांश-रेखांशांच्या शेजारी कंसात उंची येते. तापमान वाचण्याआधी ती वाचायची.

नाव ‘पॉइंट’ असलं तरी हा अंदाज एका बिंदूचा नसतो. २.५ किलोमीटर बाजू असलेल्या चौकोनाचा तो अंदाज असतो आणि उंचीही त्या चौकोनाचीच. उतार तीव्र असेल तिथे चौकोन ७,३०० फुटांचा आणि तुमची केबिन ६,६०० फुटांवर, असं सहज होतं. अशा वेळी आजूबाजूला दोनचार टिचक्या मारून आपल्या उंचीशी जुळणारा चौकोन शोधावा. तोही सापडला नाही तर दर हजार फुटांमागे साडेतीन अंश फॅरनहाइट हा हिशेब वादळ चालू असताना बऱ्यापैकी चालतो. वादळ सरल्यावरच्या निरभ्र रात्री तो उलटा पडतो. थंड हवा डॉनर खिंडीपलीकडच्या ट्रकी गावाच्या खोऱ्यात उतरून साचते आणि वरच्या उतारांपेक्षा खालचं गावच जास्त गारठतं. पहाटे गाडी सुरू होत नाही ती याच खोऱ्यात.

आता त्या ८०% बद्दल. सरकारी अंदाजात या आकड्याचा अर्थ ठरलेला आहे: त्या १२ तासांत त्या जागी ०.०१ इंच किंवा त्याहून जास्त पाणी पडण्याची शक्यता. एक शतांश इंच म्हणजे रस्ता जेमतेम ओला. ९०% असून चिमूटभर बर्फ पडू शकतो आणि ६०% असून दीड फूटही. किती पडेल याच्याशी टक्क्यांचा काही संबंध नाही, तरी लोक टक्के पाहूनच बेत रद्द करतात. ते पाहून सोडून द्या आणि खालचा मजकूर वाचा, कारण पश्चिमेच्या डोंगरांसाठी त्यात एक खास वाक्य असतं: स्नो लेव्हल अमुक फुटांवरून तमुक फुटांपर्यंत खाली येईल. स्नो लेव्हल म्हणजे जिच्या वर बर्फ आणि खाली पाऊस पडतो ती उंची.

या पानावरचा सगळ्यात मोलाचा आकडा हाच, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही याच्याबद्दल. हवेत तापमान ३२ अंशांवर येतं ती उंची म्हणजे फ्रीझिंग लेव्हल. पडणारा हिमकण त्या उंचीला लगेच वितळत नाही, साधारण आणखी हजार फूट खाली येईपर्यंत तग धरतो. म्हणून स्नो लेव्हल फ्रीझिंग लेव्हलच्या सुमारे हजार फूट खाली धरतात. बरीच ॲप नुसती फ्रीझिंग लेव्हल दाखवतात. ती ७,००० दिसली की लोक निर्धास्त होतात आणि ६,००० फुटांवरच्या किंगवेलला चिखलबर्फात अडकतात. त्यात जोराची सर आली की हिमकण वितळताना भोवतालच्या हवेतली उष्णता ओढून घेतात आणि स्नो लेव्हल आणखी काहीशे फूट उतरते. डोंगराच्या अंगाला चढणारी हवाही थंड होत जाते, त्यामुळे दरीच्या मोकळ्या हवेत मोजलेली रेषा उताराजवळ येताना खाली वाकते. प्रशांत महासागरावरून येणाऱ्या उबदार, ओल्या वादळांत ५०० फुटांच्या चुकीला चूकच म्हणू नये. अंदाज ६,००० फुटांचा आणि तुमचा मुक्काम ५,८०० वरच्या ट्रकीत असेल, तर दोन्ही तयाऱ्या ठेवा: वर बर्फ उपसायच्या फावड्याची आणि खाली तुंबणाऱ्या पाण्याची.

स्नो लेव्हलबरोबर वेळ वाचायची. थंड आघाडी (कोल्ड फ्रंट, म्हणजे चाल करून येणाऱ्या थंड हवेची पुढची कड) डोंगरावरून किती वाजता सरकणार यावर सगळा खेळ असतो. ती रात्री ११ ऐवजी पहाटे ४ ला आली तर पाच तासांचा बर्फ पाऊस म्हणून पडतो, आणि आधी पडलेला बर्फही त्या पावसाने जड होऊन बसतो. अंदाज ‘फसला’ म्हणून जी ओरड होते, तीत पाण्याचं प्रमाण बरोबर निघून वेळ चुकल्याचे प्रकार बरेच असतात.

इंचांच्या हिशेबाकडे वळू. अंदाज काढणारी सगळी संगणकी मॉडेलं मुळात द्रवरूप पाणी मोजतात आणि बर्फाचे इंच त्यावरून काढले जातात. १ इंच पाण्याचा १० इंच बर्फ हा जुना ठोकताळा. सिएरात समुद्राकडून येणारा बर्फ ओला आणि जड असतो. ‘सिएरा सिमेंट’ हे नाव त्याला उगीच पडलेलं नाही. उबदार वादळात प्रमाण ७ किंवा ८ वर घसरतं, थंड वादळात १२-१५ पर्यंत चढतं. युटातल्या आल्टाला १४ च्या आसपासची सरासरी नेहमीची आहे. दीड इंच पाणी धरलं तर ८ च्या प्रमाणाने १२ इंच, १२ ने १८ आणि १५ ने साडेबावीस. पाण्याचा अंदाज तंतोतंत खरा ठरूनही बर्फ निम्मा किंवा दुप्पट पडू शकतो तो असा. स्कीइंगवाल्यांना १५ चा भुसभुशीत बर्फ हवा असतो. गाडी चालवणाऱ्याला ८ चा बर्फ जास्त त्रासदायक, कारण तो चाकाखाली दाबला गेला की काच होतो.

म्हणून एकाच आकड्यावर न थांबता वेदर सर्व्हिसच्या स्थानिक कार्यालयांच्या हिवाळी पानावर जायचं. तिथे प्रत्येक गावासाठी तीन आकडे दिलेले असतात: दहापैकी नऊ वेळा याहून जास्त पडेल तो, अपेक्षित, आणि दहापैकी एकदाच ओलांडला जाईल तो. तळ्याकाठासाठी हे तीन आकडे समजा १, ६ आणि १५ इंच असतील, तर स्नो लेव्हल नेमकी तळ्याच्या उंचीवर घुटमळते आहे असा त्याचा अर्थ. खिंडीसाठी ते १२, १८ आणि २४ असतील, तर तिथे बर्फच पडणार हे नक्की आहे, प्रश्न फक्त किती एवढाच. ही तफावत वाचता येणं ही या सेवेची खरी कमाई आहे. खेदाची गोष्ट ही की मुख्य पानावरून तिकडे जायचा रस्ता सहज सापडत नाही.

डोंगरात अंदाज चुकतो कशामुळे, हे थोडं समजून घेतलं तर कुठल्या वेळी भरवसा ठेवायचा ते कळतं. महाबळेश्वरात धो धो आणि वाईत भुरभुर हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना अर्धी गोष्ट आधीच माहीत आहे. वारा डोंगराला भिडतो, वर चढतो, पाणी टाकतो आणि पलीकडे कोरडा होऊन उतरतो. सिएराची धार वायव्य-आग्नेय असल्याने नैऋत्येचा वारा तिला आडवा भिडतो आणि तेव्हाच जोर जास्त. २०२२-२३ च्या हिवाळ्यात डॉनर खिंडीजवळच्या सेंट्रल सिएरा स्नो लॅबमध्ये ७५४ इंच बर्फ मोजला गेला, आणि त्याच डोंगरापलीकडच्या रिनो शहरात वर्षाचं सरासरी पर्जन्य जेमतेम ७ इंच आहे. पावसाचा थेंब भराभर खाली येतो, पण हिमकण सेकंदाला मीटरभराच्या गतीने तरंगत उतरतो. म्हणून जोराच्या वाऱ्यात तो माथा ओलांडून पलीकडच्या उतारावर जाऊन पडतो. थंड आणि वादळी दिवशी पूर्वेकडच्या गावांना अंदाजापेक्षा जास्त बर्फ मिळतो तो यामुळे.

हे सगळं मॉडेलात उतरायचं तर डोंगर मॉडेलात असायला हवा. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलची जाळी, म्हणजे हिशेबाच्या एकेका चौकोनाची बाजू, सुमारे १३ किलोमीटरची. तिच्यात सिएराची धार बोथट टेकाड होते, माथा शेकडो फुटांनी बुटका होतो, आणि पलीकडे ज्या पर्जन्यछायेत कोरडं असायला हवं तिथेही पाऊस सांडतो. युरोपीय केंद्राचं मॉडेल ९ किलोमीटरचं, तुलनेने बरं. एचआरआरआर हे अमेरिकेचंच दुसरं मॉडेल ३ किलोमीटरचं. ते दर तासाला नव्याने चालतं, पुढच्या १८ तासांचं दाखवतं आणि दिवसातून चार वेळा ४८ तासांपर्यंत जातं. कुठल्या दरीत सर अडकेल हे तेच जवळून दाखवतं. पण पहिल्या काही तासांसाठी ते रडारवर टेकलेलं असतं, आणि डोंगरात रडारच लंगडं. रिनोचं रडार ८,००० फुटांहून उंच व्हर्जिनिया पीकवर बसवलेलं आहे. त्याची सर्वांत खालची तिरीपही दरीतल्या उथळ ढगांच्या वरून निघून जाते. नकाशावर काही नाही आणि खाली तासाला इंचभर पडतोय, असं त्यामुळे होतं. उलट जिथे हिमकण वितळत असतात त्या थराचा प्रतिध्वनी भडक येतो आणि साध्या सरीचं रडारवर मुसळधार दिसतं. रडारचं ॲप पाहून खिंडीतून निघायची वेळ ठरवू नये ती या दोन्ही कारणांनी.

या कमतरता माणूस भरून काढतो, आणि म्हणूनच वेदर डॉट गव्हची सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे फोरकास्ट डिस्कशन. पॉइंट फोरकास्टच्या पानावर खाली त्याचा दुवा असतो. पहाटे आणि दुपारी, अशी दिवसातून किमान दोनदा ड्युटीवरचा हवामानतज्ज्ञ स्वतःच्या शब्दांत लिहितो: मॉडेलांत एकमत आहे का, स्नो लेव्हलबद्दल खात्री किती, कुठल्या गोष्टीने गणित बिघडेल. भाषा थोडी धंद्याची असते, पण दोनचार वेळा वाचली की सवय होते. सगळं वाचायला वेळ नसेल तर चार गोष्टी हुडका: आघाडीची वेळ, स्नो लेव्हल, कड्यांवरचा वारा आणि खात्रीबद्दलचं वाक्य. चौकोनातला वारा सरासरीचा असतो. कड्यावर ताशी १०० मैलांचे झोत येणार हे इथेच लिहिलेलं सापडतं, आणि त्यावरून स्कीच्या लिफ्ट चालणार की नाहीत याचा अंदाज बांधता येतो.

आय-८० वाल्यांसाठी एक खुबी. सिएराचा पश्चिम उतार सॅक्रामेंटो कार्यालयाच्या ताब्यात आणि टाहोचं खोरं रिनो कार्यालयाच्या. म्हणजे एकाच प्रवासात तुम्ही दोन कार्यालयांचा अंदाज ओलांडता. पश्चिम उतारावरचं कोलफॅक्स ते माथा याची डिस्कशन सॅक्रामेंटोकडे वाचायची, माथा ते ट्रकी रिनोकडे. दोन्ही कार्यालयं आपापसात बोलून आकडे जुळवतात, तरी कधी कधी सीमेवर बर्फाच्या इंचांची पायरी दिसते. तशी पायरी दिसली तर मधला आकडा धरण्यापेक्षा दोघांचंही लिखाण वाचा. कोणी उबदार बाजूला झुकलंय आणि का, ते तिथे कळतं. इशाऱ्यांचंही तसंच. वॉच म्हणजे खात्री निम्म्याच्या वर, वॉर्निंग म्हणजे ८०% च्या घरात. पण इशारा संपूर्ण विभागाला लागतो, आणि एकाच विभागात ५,५०० फुटांचं गाव आणि ९,००० फुटांचा सुळका दोन्ही येतात. इशाऱ्यात लिहिलेले ‘३ फुटांपर्यंत’ बहुतेक वेळा त्या सुळक्यासाठी असतात.

किती दिवस आधी कशावर विसंबायचं? दहाव्या दिवसाचा जीएफएसचा बर्फाचा नकाशा समाजमाध्यमांवर फिरतो तो निव्वळ करमणुकीचा. एवढ्या लांबून बघायचंच असेल तर सॅन डिएगोच्या स्क्रिप्स संस्थेतल्या सीडब्ल्यूथ्रीई या केंद्राची पानं बघावीत. हवेतली वाहती नदी, म्हणजे अ‍ॅटमॉस्फेरिक रिव्हर, कुठे किनाऱ्याला लागेल आणि किती मॉडेलांना तसं वाटतं, हे तिथे दिसतं. २०१९ मध्ये मांडलेली त्यांची १ ते ५ ची श्रेणी बाष्पाचा जोर आणि किती तास टिकेल यांवर ठरते. बाष्पवाहन (हवेतून वाहून येणाऱ्या बाष्पाचं माप) २५० एककांच्या वर गेलं की मोजणी सुरू. ४८ तासांहून जास्त टिकलं तर श्रेणी एक पायरी वर, २४ तासांच्या आत आटोपलं तर एक पायरी खाली. लक्षात ठेवा, ५ म्हणजे भरपूर बर्फ नव्हे. मोठ्या श्रेणीची वादळं बहुधा उबदार असतात, स्नो लेव्हल ८,००० च्या वर नेतात आणि साठलेल्या बर्फावर पाऊस ओततात. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल धरणाचा सांडवा फाटून दीड लाखाहून जास्त लोकांना हलवावं लागलं, ते अशाच ओल्या, उबदार वादळांच्या रांगेत.

पाच दिवसांवर आल्यावर डिस्कशन वाचायला लागा, पण इंच लक्षात ठेवू नका. तीन दिवसांवर स्नो लेव्हलची दिशा बघा, लागोपाठच्या अंदाजांत ती वर सरकतेय की खाली. इंचांवर विसंबायचं ते शेवटच्या ४८ तासांत. निघायच्या दिवशी एचआरआरआर आणि प्रत्यक्ष मोजणी, बाकी काही नाही.

प्रत्यक्ष मोजणीसाठी स्नोटेल. कृषी खात्याच्या जमीन आणि पाणी सांभाळणाऱ्या विभागाची ही स्वयंचलित केंद्रं, पश्चिमेत ९०० च्या आसपास, तासातासाला आकडे देतात. जमिनीवर गोठणरोधक द्रव भरलेल्या सपाट उश्या असतात. वर साठलेल्या बर्फाचं वजन मोजून त्या पाण्याचे इंच सांगतात. अंदाजात रात्रभरात दीड इंच पाणी होतं आणि सकाळपर्यंत उशीने ०.९ दाखवलं, तर राहिलेल्या दिवसाचे आकडेही हात आखडून वाचायचे. दोष याही यंत्रांत आहेत. बर्फाचा कडक थर उशीवर पुलासारखा ताठ राहिला की वजन कमी भरतं, ओला बर्फ पर्जन्यमापकाच्या तोंडाशी टोपीसारखा बसतो आणि मग एकदम आत कोसळतो. एका तासात अचानक मोठी उडी दिसली तर ती बहुधा या टोपीची.

सिएराबाहेर ही सेवा कितपत चालते? वॉशिंग्टनमधल्या स्नोक्वाल्मी खिंडीसाठी फार जपून वाचावी लागते. ही खिंड जेमतेम ३,०२२ फुटांची, पण पूर्वेकडची थंड हवा तिच्यातून पश्चिमेला वाहते, त्यामुळे वर उबदार हवा आली तरी खिंडीत बर्फ चालू राहतो. पूर्वेचा वारा पडला की तासाभरात सगळं पावसावर येतं, आणि मधल्या वेळात गोठणारा पाऊस पडून रस्त्याचा आरसा होतो. २.५ किलोमीटरचा चौकोन ही अरुंद फट नीट पकडत नाही. सिएटल कार्यालयाच्या डिस्कशनमध्ये खिंडीतल्या वाऱ्याची दिशा वाचल्याशिवाय तिकडे निघू नये. सॉल्ट लेकच्या बाजूला उलट अनुभव. तिथल्या कार्यालयाचं लिखाण फार नेटकं असतं. वायव्येचा वारा लागला की लिटल कॉटनवुड दरीत काय होतं हे ते चांगलं ओळखून आहेत, पण ग्रेट सॉल्ट लेकवरून उठणारे हिमपट्टे इतके अरुंद असतात की ते नेमके कुठे पडतील हे सहा तास आधीही सांगता येत नाही.

तक्रारी आहेतच. नकाशा मोबाइलवर चिमटीत सापडत नाही, हिवाळी पानं प्रत्येक कार्यालयाची वेगळ्या जागी, आणि डिस्कशन नवख्याला घाबरवते. २०२५ च्या वसंतात मनुष्यबळाअभावी ग्रँड जंक्शन आणि रिव्हरटनसह काही ठिकाणी हवामानाचे फुगे दिवसातून दोनदाऐवजी एकदाच सोडायचं ठरलं. महासागराकडून येणाऱ्या वादळांची माहिती आधीच तुटपुंजी असताना हे बरं लक्षण नव्हे. पैसे भरायची तयारी असेल तर ओपनस्नो ही सेवा आहे. तिथे प्रदेशवार माणसांनी लिहिलेली रोजची टिपणं असतात, भाषा सोपी आणि रोख स्कीइंगवर. डिस्कशन वाचायचा कंटाळा असलेल्यांना ते परवडेल, पण रोजची टिपणं वाचायची नसतील तर पैसे देऊ नका. विंडी हे ॲप नकाशांसाठी छान. मात्र त्यावर खिंडीत टिचकी मारल्यावर येणारा आकडा निवडलेल्या मॉडेलच्या बोथट डोंगरावरचा असतो, हे विसरू नये. फोनमधलं आपसूक आलेलं ॲप डोंगरासाठी उघडूच नका.

पाचपैकी चार तारे. अर्धा तारा मोबाइलवरच्या हालांसाठी कापला, अर्धा हिवाळी पानं दडवून ठेवल्याबद्दल.

एक गोष्ट या साइटवर सापडणार नाही: रस्ता चालू आहे का. त्यासाठी कॅलट्रान्सचं, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या वाहतूक खात्याचं, क्विकमॅप. साखळ्यांच्या नियमाच्या तीन पायऱ्या आहेत. आर-१ मध्ये साखळ्या किंवा बर्फाचे टायर लागतात, चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांना सूट. आर-२ मध्ये अशा गाडीलाही चारही बर्फाचे टायर असतील तरच साखळ्यांशिवाय सोडतात, आणि सूट मिळाली तरी साखळ्या डिकीत असाव्याच लागतात. आर-३ म्हणजे सगळ्यांना साखळ्या, अपवाद नाही. तो लावायच्या आधी बहुतेक वेळा हायवेच बंद करतात. तेव्हा डिस्कशनमध्ये रात्रीच्या वेळेत तासाला दोनतीन इंच आणि जोराचा वारा असं एकत्र दिसलं, तर साखळ्यांची चर्चा सोडून डोंगराखाली ऑबर्न किंवा सॅक्रामेंटोला खोली बघा.